दर हिवाळ्यात ग्राउट तडकतंय? आधी बेसमेंटमध्ये जाऊन वर बघा

न्यू जर्सीतलं आमचं घर १९६८ सालचं, लाकडी सांगाड्याचं, खाली बेसमेंट. २०१९ ला किचनमध्ये १२ बाय २४ इंचाच्या पोर्सेलिन टाइल बसवून घेतल्या. दिसायला झकास. पहिल्याच जानेवारीत सिंकपासून ब्रेकफास्ट टेबलापर्यंत ग्राउटला, म्हणजे टाइलमधल्या फटीत भरतात त्या मसाल्याला, केसासारखी भेग पडली. माणूस येऊन खरवडून नवीन ग्राउट भरून गेला. दुसऱ्या जानेवारीत त्याच रेषेत परत भेग, परत ग्राउट. तिसऱ्या वर्षी भेग ग्राउट सोडून टाइलमध्ये घुसली, ओळीने तीन टाइल गेल्या, आणि फ्रीजसमोरची एक टाइल पायाखाली चक्क टुकटुक हलायला लागली. कॉन्ट्रॅक्टरचं उत्तर दर वेळी एकच, घर जुनं आहे, सेटल होतंय. अहो पन्नास वर्षं झाली त्या घराला, अजून किती सेटल होणार.

चौथ्या वर्षी मी सगळं उखडून खालपासून नीट करून घेतलं. त्याला आता दोन हिवाळे झाले. आपल्या बऱ्याच लोकांच्या घरी हाच प्रकार आहे आणि सगळे तीच ग्राउटची पुडी परत परत विकत घेतात, म्हणून सविस्तर लिहितोय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी एक सांगतो, कारण माझी गाडी इथेच चुकली. आपण भारतात वाढलेली माणसं, आपल्या डोक्यात फरशी म्हणजे खाली आरसीसीचा स्लॅब, वर दोन इंच मसाला, मिस्त्री थापीच्या दांड्याने ठोकून ठोकून लेव्हल आणतो आणि झालं. खाली काहीतरी हलत असेल हा विचारच येत नाही. इथे टाइलखाली असतं प्लायवूड, त्याखाली दर १६ इंचांवर एक आडवा वासा, त्याला जॉइस्ट म्हणतात, आणि तो वासा दोन टोकांना टेकलेला, मधे अधांतरी. म्हणजे आपण चालतोय तो खरं तर पूल आहे. पूल वाकतो. टाइल वाकत नाही. मग तुटतं कोण ते सांगायला नको.

आता मुद्द्याचं. लाकडी फरशीचे आजार दोन आणि ते वेगवेगळे आहेत. एक म्हणजे फरशी हलते, वाकते. दुसरा म्हणजे फरशी सपाट नाही, कुठे उंचवटा कुठे खळगा. हलणाऱ्या फरशीवर सेल्फ लेव्हलर, म्हणजे ओतलं की आपोआप पसरून सपाट होणारं सिमेंटचं मिश्रण, ओतलं तर ती हलणारीच राहते, फक्त सपाट होऊन हलते, आणि मग ते लेव्हलरही तडकतं. आणि खूप मजबूत पण खडबडीत फरशीवर मोठी टाइल लावली तर कडा वरखाली होतात, टाइलखाली पोकळी राहते. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. माझ्या घरात दोन्ही होते आणि माझ्या कॉन्ट्रॅक्टरने दोन्हीवर एकच औषध दिलं होतं, पाव इंची सिमेंट बोर्ड, म्हणजे टाइलखाली टाकायचा सिमेंटचा पातळ तक्ता, जे खरं तर दोघांपैकी कशावरच चालत नाही.

म्हणून उखडायच्या आधी भेगा वाचायला शिका. भेग सरळ रेषेत तीनचार टाइल ओलांडून जात असेल तर ती टाइलची चूक नाही, खाली त्या रेषेत काहीतरी आहे, एकतर प्लायवूडच्या दोन शीटांचा सांधा नाहीतर जॉइस्ट. जॉइस्टच्या डोक्यावर का, तर दोन जॉइस्टच्या मधे प्लाय खाली दबतो आणि जॉइस्टवर त्याची पाठ ताणली जाते, तो ताण टाइलला सोसत नाही. टेप घेऊन भेगांमधलं अंतर मोजा, १६ च्या पटीत आलं तर संशय पक्का. फक्त भिंतीच्या कडेने किंवा आयलंडच्या (किचनच्या मधल्या सुट्या ओट्याच्या) पायथ्याशी ग्राउट सुटत असेल तर टाइल भिंतीला घट्ट भिडवल्यात, फुगायला जागा ठेवलेली नाही. एखाद्याच टाइलचा कोपरा तुटला तर बहुतेक त्या कोपऱ्याखाली थिनसेटच, म्हणजे टाइल चिकटवायचा सिमेंटचा मसालाच, नाहीये. आणि भेग कुठेच नाही पण अनवाणी चालताना कडा बोचतात, तर ते सपाटपणाचं दुखणं.

पोकळ टाइल शोधायला महागडं काही लागत नाही. माझे सासरे त्या वर्षी आलेले, त्यांनी स्क्रूड्रायव्हरची मूठ घेऊन अख्खं किचन ठोकत ठोकत फिरून अर्ध्या तासात सतरा टाइलवर खडूने फुल्या मारल्या. भरीव टाइल टणटण वाजते, पोकळ टाइल ढबढब. बायको म्हणाली आता पाहुणे आले की काय सांगायचं, मी म्हटलं रांगोळी सांग.

मग खाली जा. हे कोणी करत नाही. टॉर्च घेऊन बेसमेंटमध्ये जायचं आणि भेग जिथे आहे त्याच्या बरोबर खाली उभं राहून वर बघायचं. आमच्याकडे काय दिसलं तर सिंकच्या जवळच्या जॉइस्टला कुणीतरी कधीकाळी ड्रेनचा पाइप नेण्यासाठी खालून तीन इंच खोल खाच मारलेली, आणि तीही बरोबर मध्यावर. जॉइस्ट सव्वासात इंच उंचीचा, त्यातले तीन इंच गेले! इथल्या नियमाप्रमाणे जॉइस्टच्या मधल्या एक तृतीयांश लांबीत खाच मारायचीच नाही, आणि बाकी ठिकाणी मारली तरी उंचीच्या एक षष्ठांशापेक्षा खोल नाही. भोक पाडायचं तर उंचीच्या एक तृतीयांशापर्यंत चालतं, पण वरच्या आणि खालच्या कडेपासून दोन दोन इंच सोडून. कारण वासा वाकतो तेव्हा सगळ्यात जास्त ताण खालच्या कडेला आणि मध्यावर येतो, आणि प्लंबरला नेमकी तीच जागा सोयीची वाटते.

ती खाच हे एक झालं. दुसरं, मी जॉइस्टचा गाळा मोजला, एका आधारापासून दुसऱ्यापर्यंत मोकळी लांबी, तर साडेतेरा फूट. जॉइस्ट दोन बाय आठचे (नाव आठचं, प्रत्यक्षात तोच सव्वासात इंच), १६ इंचांवर. नेहमीच्या ग्रेडच्या लाकडाला या मापात, कुठला वासा किती गाळ्याला चालतो त्याचा चार्ट साधारण साडेबारा फुटांपर्यंतच नेतो, म्हणजे खाच नसती तरी आम्ही काठावरून बाहेरच होतो. लाकडी फरशीला किंवा कार्पेटला हे फारसं जाणवत नाही. टाइलला जाणवतं.

टाइलसाठी नियम असा, गाळ्याची लांबी इंचात घ्या आणि ३६० ने भागा, पूर्ण भार असताना मध्यावर त्याहून जास्त वाकता कामा नये. साडेतेरा फूट म्हणजे १६२ इंच, भागिले ३६०, म्हणजे ०.४५ इंच. संगमरवर, ट्रॅव्हर्टिन असा खरा दगड लावणार असाल तर ७२० ने भागायचं, म्हणजे निम्मंच वाकायला परवानगी. हे ऐकून घाबरू नका की आमची फरशी अर्धा इंच दबते की काय, हा आकडा दर चौरस फुटाला ४० पौंड भार धरून आहे, आमच्या किचनएवढ्या जागेत साडेसहा हजार पौंड होतात तेवढे, म्हणजे गणपतीच्या आरतीला चाळीस माणसं खेटून उभी राहिली तर. आमच्याकडे दरवर्षी राहतात, म्हणून मला तो आकडा काल्पनिक वाटला नाही.

घरी तपासायची माझी युक्ती. बेसमेंटमध्ये जॉइस्टच्या मध्यावर वरून एक सरळ पट्टी स्क्रूने लोंबती लावा, जमिनीवरून दुसरी पट्टी तिला चिकटून उभी करा, दोन्हींवर मिळून पेन्सिलची एक आडवी रेघ मारा. मग वर चारजणांना त्या जागेवर उभं करा आणि रेघ किती सरकली बघा. यातून ३६० चं गणित थेट सुटत नाही, पण शेजारच्या जॉइस्टशी तुलना होते. आमच्या खाचेच्या जॉइस्टची रेघ बाकीच्यांच्या दुपटीहून जास्त सरकली. पोरांना उड्या मारायला सांगितलं तर वर कपाटातले कप वाजले, म्हणजे आणखी पुरावा नकोच.

आता दुरुस्ती. आधी हलणं थांबवायचं, सपाटपणा नंतर. हा क्रम उलटा करू नका. मजबुतीला मुख्यतः दोन रस्ते. पहिला म्हणजे प्रत्येक जॉइस्टच्या शेजारी तसाच दुसरा जॉइस्ट चिकटवून बोल्ट किंवा खिळ्यांनी एकजीव करायचा, याला सिस्टरिंग म्हणतात. त्याने वाकणं साधारण निम्मं होतं. पण नवीन जॉइस्ट जवळपास पूर्ण लांबीचा हवा, आणि बेसमेंटमध्ये वायरी, पाण्याचे पाइप, हीटिंगच्या डक्ट सगळ्या आडव्या आल्या तर जीव जातो. दुसरा रस्ता म्हणजे गाळ्याच्या मध्यावर खालून एक आडवी तुळई आणि तिला खांब. हा भारी उपाय आहे, कारण वाकणं लांबीच्या चौथ्या घातात चालतं, गाळा निम्मा केला की वाकणं सोळाव्या भागावर येतं. मधे आडवे ठोकळे मारायचे, ब्लॉकिंग म्हणतात, त्याने वासे पिळवटत नाहीत, भार थोडा शेजाऱ्यांत वाटला जातो, पण गाळाच लांब असेल तर नुसत्या ठोकळ्यांवर विसंबू नका.

आम्ही दोन्ही केलं, खाचेच्या जॉइस्टला आणि त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांना सिस्टर, आणि मध्यावर तुळई. एक सावधगिरी, खांब सरळ बेसमेंटच्या स्लॅबवर उभा करू नका, तो स्लॅब तीनचार इंचांचा असतो, भार घ्यायला बनवलेला नसतो, खांबाखाली खोदून वेगळी फूटिंग, म्हणजे काँक्रीटचा पाया, भरावी लागते. यासाठी टाउनशिपचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, परमिट काढलं, स्ट्रक्चरल इंजिनियरकडून ड्रॉइंग घेतलं. कटकट आहे, वेळ जातो, पण घराच्या भाराशी खेळतोय आपण, हे यूट्यूब बघून करायचं काम नाही. खाली वाकून बसलेले जॉइस्ट जॅकने वर उचलायचे असले तर रोज थोडं थोडं, एका दुपारी उचललं तर वरच्या मजल्याच्या भिंतींना तडे जातात.

मग वरून उखडलं. उखडण्याआधी, घर १९८० च्या आधीचं असेल तर थांबा. जुन्या व्हिनाइल शीटच्या पाठीत, ९ बाय ९ इंचाच्या जुन्या टाइलमध्ये आणि त्यांच्या काळ्या डिंकात अॅस्बेस्टॉस (फुप्फुसांना घातक तंतू) असू शकतो, नमुना लॅबला पाठवा आणि उत्तर येईपर्यंत खरवडू नका, घासू तर मुळीच नका. आमचा निगेटिव्ह आला.

टाइल निघाल्यावर खाली काय होतं ते ऐका. सिमेंट बोर्ड सुटाच पडलेला, खाली थिनसेट नाही, मारलाय तो ड्रायवॉलच्या स्क्रूंनी, त्यातल्या निम्म्यांची डोकी तुटलेली. त्याखाली पार्टिकल बोर्ड, लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला! साठ सत्तरच्या दशकात व्हिनाइलखाली तो सर्रास टाकायचे, पण टाइलखाली तो चालत नाही, ओल लागली की बिस्किटासारखा फुगतो. डिशवॉशरसमोर फुगलेलाच होता, आणि टुकटुक टाइल त्याच्याच पलीकडे. तसाच पातळ लुआन प्लाय असेल तर तोही काढा. पार्टिकल बोर्डच्या खाली मूळ ५/८ इंची प्लाय निघाला, तो ठीक होता.

सिमेंट बोर्डबद्दल खूप गैरसमज आहे म्हणून थांबून सांगतो. तो फरशीला ताकद देत नाही. शून्य. त्याचं काम एवढंच की थिनसेटला धरायला नीट पृष्ठभाग मिळावा. आणि तो लावायचा तरी खाली थिनसेट पसरून, त्यावर बोर्ड दाबून, मग त्याच्याच स्क्रूंनी, सांध्यात १/८ इंच जागा ठेवून, वर अल्कली सोसणारी जाळीची टेप. खालचं थिनसेट चिकटवायला नसतंच मुळी, बोर्ड आणि प्लायमधल्या पोकळ्या भरायला असतं. ते नसलं की प्रत्येक पावलाला बोर्ड एक केस खाली जातो वर येतो, दिवसातून शेकडो वेळा, आणि एक दिवस ग्राउट सांगतं बास.

आम्ही मूळ प्लाय ठेवला, जॉइस्टवर परत दर सहा इंचांवर डेकच्या स्क्रूने आवळला, कुरकुर तिथल्या तिथे बंद झाली. त्यावर अर्धा इंची बाहेरच्या ग्रेडचा प्लाय, दुसरा थर. या थराची गंमत अशी की त्याचे स्क्रू फक्त खालच्या प्लायमध्ये जायला हवेत, जॉइस्टमध्ये नाही. आपल्याला वाटतं जॉइस्टमध्ये मारला तर जास्त मजबूत, पण मग जॉइस्टची प्रत्येक हालचाल थेट वर पोचते, आणि ती वर पोचू नये म्हणून तर हा खटाटोप. शीटची लांबी जॉइस्टला आडवी ठेवायची, वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांवर येऊ द्यायचे नाहीत, आणि जॉइस्टला समांतर जाणारा सांधा जॉइस्टच्या डोक्यावर नाही तर तिथून दोन जॉइस्टमधल्या अंतराच्या पाव भागावर, १६ इंचाला ४ इंच, असा पाडायचा. आधी सांगितलं ना की जॉइस्टच्या डोक्यावर ताण सगळ्यात जास्त, म्हणून सांधा तिथून हलवायचा. शीटांमधे १/८ इंच, भिंतीपाशी १/४ इंच मोकळं. आणि नवा प्लाय दुकानातून आणला की लगेच ठोकू नका, दोनचार दिवस त्याच खोलीत पडू द्या, इथल्या हिवाळ्यात हीटिंगने हवा इतकी कोरडी होते आणि उन्हाळ्यात इतकी दमट की लाकूड वर्षातून एकदा आकसतं एकदा फुगतं. आमची भेग जानेवारीतच का यायची त्याचं उत्तर हेच, हलणं वर्षभर चालू होतं, आकसल्यावर तोंड उघडायचं.

आता सपाटपणा, आणि मोठ्या टाइलला हा भाग सगळ्यात जास्त सतावतो. एक बाजू १५ इंच किंवा त्याहून मोठी असलेली टाइल असेल तर १० फुटांत १/८ इंचापेक्षा जास्त वरखाली चालत नाही, आणि २ फुटांत १/१६. लहान टाइलला १० फुटांत १/४ पर्यंत सूट आहे. आमच्या आधीच्या मालकाच्या १२ बाय १२ च्या टाइल वीस वर्षं मुकाट राहिल्या आणि आमच्या १२ बाय २४ रुसल्या, त्याचं एक कारण हेही. लहान टाइल उताराप्रमाणे वळत जातात, लांब टाइल उंचवट्यावर सी-सॉ होते.

लक्षात घ्या, सपाट आणि लेव्हल वेगळं. पाणसळीचा बुडबुडा मधोमध यायलाच हवा असं नाही, अख्खी खोली एका बाजूला अर्धा इंच कलली असली तरी टाइलला फरक पडत नाही, पृष्ठभाग एकसलग हवा. मी १० फुटी अॅल्युमिनियमची चौकोनी नळी आणली, ती प्रत्येक दिशेने फिरवली, तिरकीसुद्धा, आणि प्लायवर पेन्सिलने उंचवट्याला "उं" आणि खळग्याला "ख" लिहीत गेलो, खळग्यापुढे खोलीही. उंचवटे आधी काढायचे, सांधा उचललेला असेल तर सँडरने घासून, जॉइस्टच वर आलेला असेल तर प्लाय काढून रंधा मारून. उंचवटा काढला की आजूबाजूचे निम्मे खळगे आपोआप नाहीसे होतात. हे न करता खळगे भरत बसाल तर पोत्यामागून पोती जातील.

उरलेल्या खळग्यांना सिमेंटचा पॅच, जिप्समचा नको. खूप मोठा भाग खाली असेल तर सेल्फ लेव्हलर, पण त्याच्या पोत्यावर लाकडावर चालतं असं लिहिलेलं बघा, किती जाडी हवी, जाळी लागते का तेही बघा, आणि प्रायमर चुकवू नका, कोरडं लाकूड पाणी शोषून घेतं आणि लेव्हलर पापडासारखं सुटतं. आणि अजून एक, प्लायमधली सगळी भोकं, पाइपच्या कडा, सांधे बुजवा. मी एक वायरीचं भोक विसरलो, खाली बेसमेंटमध्ये गेलो तर माझ्या व्यायामाच्या सायकलवर करड्या रंगाचा धबधबा. अजून आहे तो तिच्यावर.

सपाट झाल्यावर अनकपलिंग मेम्ब्रेन टाकला, डिट्रा वगैरे जे मिळतं ते, १/८ इंच जाड, वाफलसारख्या खाचांचं केशरी प्लास्टिक. याचं काम लाकडाचं आडवं आकसणं फुगणं टाइलपर्यंत पोचू न देणं. उभं हलणं तो थांबवत नाही. दुकानातला माणूस म्हणेल हा टाका, सगळे प्रश्न सुटतात, तर तसं नाही, म्हणून तर आधी तुळई. लाकडावर चिकटवताना खाली मॉडिफाइड (पॉलिमर मिसळलेलं) थिनसेट लागतं, आणि वर टाइल लावताना खाचा आधी थापीच्या सपाट बाजूने पूर्ण भरून घ्यायच्या.

या सगळ्याने उंची वाढते, तो हिशोब आधीच करा. अर्धा इंच प्लाय, १/८ मेम्ब्रेन, थिनसेट, ३/८ टाइल, मिळून सव्वा इंचाच्या आसपास. आमचा पार्टिकल बोर्ड आणि सिमेंट बोर्ड निघाल्यामुळे बरंचसं वळतं झालं. नाहीतर डिशवॉशर काउंटरखाली कैद होतो, बिघडला की टाइल फोडून काढायचा. माझ्या एका मित्राने तसा काढलाय.

बसवण्याबद्दल थोडंसंच. मोठ्या टाइलसाठी वेगळं थिनसेट येतं, मोठ्या आणि जड टाइलचं असं पोत्यावर लिहिलेलं असतं, ते दबून बसत नाही. अर्धा इंची चौकोनी खाचांची थापी, रेघा सरळ एका दिशेत आणि टाइलच्या आखूड बाजूला समांतर, म्हणजे हवा जवळच्या कडेने निघून जाते, गोलगोल फिरवलेल्या रेघांत ती अडकते. टाइलच्या पाठीलाही पातळ थर घासायचा. चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून दाबायची आपल्याकडची पद्धत इथे करू देऊ नका, गोळ्यांच्या मधे सगळी पोकळी, खुर्चीचा पाय त्यावर आला की कोपरा गेला. सुरुवातीला एक टाइल बसवून लगेच परत उचलून बघा, कोरड्या खोलीत निदान ८० टक्के पाठ भरलेली हवी, ओल्या जागी ९५. मी चौथी टाइल उचलायला लावली तर कारागिराने डोळे वटारले, पण निघाली ती साठ टक्केच होती, मग त्याने स्वतःच थापी बदलली.

आणि विटांसारखी निम्म्यावर निम्मी रचना नको. १८ इंचांपेक्षा लांब टाइल भट्टीत थोडी धनुष्यासारखी होते, मध्य किंचित वर, टोकं खाली. निम्म्यावर लावली की एकीच्या उंच मध्याशेजारी दुसरीचं खालचं टोक येतं आणि कड बोचते. एक तृतीयांशापेक्षा जास्त सरकवू नका. ते प्लास्टिकचे लेव्हलिंग क्लिप येतात ना, ते थिनसेट वाळेपर्यंत टाइल जागेवर धरायला चांगले आहेत, खडबडीत फरशीवर क्लिप आवळून टाइल सपाट दिसते खरी, पण खाली पोकळी तशीच.

भिंतीपाशी सगळीकडे १/४ इंच रिकामं सोडलं, त्यात ग्राउट नाही, थिनसेट सांडलेलं असेल तर तेही खरवडून काढायचं, वर बेसबोर्ड (भिंतीच्या तळाची पट्टी) येतो, दिसत नाही. आयलंडच्या पायथ्याशी आणि दारापाशी ग्राउटच्या रंगाचं सिलिकॉन.

दोन हिवाळे गेले. सिंकपासून टेबलापर्यंतची रेषा साफ आहे, कप वाजत नाहीत, गेल्या गणपतीत आरतीला उभं राहून मी देवाकडे कमी आणि खाली जास्त बघत होतो. एकच भेग आली, ती मागच्या अंगणाच्या काचेच्या सरकत्या दारासमोर. दक्षिणेचं दार आहे, दुपारभर ऊन थेट टाइलवर. घरात एरवी जास्तीत जास्त २५ फुटांवर हालचालीचा सांधा, म्हणजे ग्राउटऐवजी लवचिक सिलिकॉनची रेघ, चालतो, पण थेट ऊन येणाऱ्या जागी तो जास्तीत जास्त १२ फुटांवर लागतो, आणि आम्ही तिथे सरळ ग्राउट भरलं होतं. मागच्या शनिवारी त्या रेषेतलं ग्राउट खरवडून काढलं, टेप लावून सिलिकॉन भरलं, वीस मिनिटांचं काम. कुत्र्याने त्यावर पाय दिला, त्याचा ठसा आहे एका टोकाला.